डोक्याला मार नाही

हवालदार हणमंत शेडगे यांच्या डोक्याला उभ्या आयुष्यात कधी मार लागला नव्हता. निदान कागदोपत्री तरी नव्हता. सुरुंगाच्या स्फोटात पाठीचा कणा मोडला, कमरेखालचं अंग कायमचं गेलं, तेरा वर्षं चाकाच्या खुर्चीत काढली; पण डोकं? डोकं ठणठणीत. असं ते स्वतः सांगत आणि त्यांची बायको सारिका शेजारी बसून मान डोलवी.

माजी सैनिकांच्या त्या पुनर्वसन केंद्रात डॉ. तेजस्विनी केळुसकरांनी एका सकाळी सहा जणांना ओळीनं बसवून हाच प्रश्न विचारला. "डोक्याला कधी मार लागला होता का?" सहाही खुर्च्यांतून एकच उत्तर आलं, "न्हाई."

"कमालच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणी सुरुंगावर गेलं, कुणी गाडीसकट दरीत कोसळलं. कणे मोडले. आणि डोक्याला एकाच्याही खरचटलं नाही?"

"आमाला डोकं असतं तर फौजंत कशाला आलो असतो, म्याडम?" सुभेदार भास्कर धुमाळ म्हणाले. सगळी खो खो हसली. हणमंतराव हसले, पण नेहमीप्रमाणे थोडे उशिरा.

आता ही मंडळी काही लबाड नव्हती. पलटणीत हात मोडला तर दाखवता येतो, ताप आला तर सांगता येतो. डोक्याला लागलेलं मात्र सांगायचं नाही, हा तिथला न लिहिलेला कायदा. चक्कर येवो, उलटी होवो, एकाचे दोन दिसोत. दोस्त दोन्ही काखांत हात घालून परेडला उभं करतील, पण डॉक्टरकडे नेणार नाहीत. कारण डॉक्टरनं लिहिलं की वैद्यकीय श्रेणी उतरते. श्रेणी उतरली की बढती अडते, आणि बढती अडण्यापेक्षा वाईट म्हणजे कंपनीत 'अर्धवट' हे नाव पडतं. ते पेन्शनीपर्यंत सुटत नाही. म्हणून सगळ्यांनी एकमेकांची डोकी प्रेमानं झाकून ठेवलेली.

पण या वेळी प्रश्न पुलाचा होता. पूल म्हणजे मेंदू आणि पाय यांच्यामधला तुटलेला रस्ता वरून जोडणारं यंत्र. पाय हलवायची इच्छा मेंदूच्या ज्या पट्टीत उठते तिथं नखाएवढी एक जाळी बसवायची, तशीच दुसरी कण्याच्या मोडलेल्या जागेखाली. वरची जाळी इच्छा टिपणार, बिनतारी खाली धाडणार, खालची ती मज्जातंतूंना देणार. आधी यंत्र त्या माणसाचा मेंदू शिकतं, मग मेंदू यंत्राला शिकतो आणि सहा-आठ महिन्यांत माणूस कठड्याला धरून उभा राहतो. आतापर्यंत बरीच माणसं राहिली होती. काहींना मात्र पूल सुरू करताच भयंकर झटके आले. शोध घेतला तेव्हा त्या सगळ्यांच्या मेंदूत जुन्या, कुणालाच माहीत नसलेल्या जखमा निघाल्या. ज्या स्फोटानं कणा मोडतो तो डोकं काय सोडतो? पण कणा मोडलेल्या माणसाकडे सगळे कण्याकडेच बघतात. तो विसरतो, चिडतो, रडतो, तर लोक म्हणतात, साहजिकच आहे, पाय गेले ना बिचाऱ्याचे!

म्हणून आता पुलाआधी मेंदूची तपासणी. तपासणीच्या यंत्राला रक्ताच्या सूक्ष्म थेंबांनी मागे ठेवलेलं लोह दिसे, तंतूंवरची उडालेली आणि पुन्हा धरलेली साल दिसे आणि त्यावरून जखम किती जुनी आहे तेही सांगता येई. झाडाच्या खोडातल्या वलयांवरून वय काढतात ना, तसंच काहीसं.

"जावा हणमंतराव, डोक्याचा सातबारा काढून या," धुमाळ म्हणाले. "बघा कुणाकुणाची नावं चढल्यात."

नावं दोन चढलेली निघाली.

"हा स्फोटाचा," पडद्यावरच्या करड्या डागावर बोट ठेवत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेरा वर्षांपूर्वीचा. आणि बरोबर त्याच्याखाली हा जुना. बावीस वर्षांच्या आसपासचा. हवालदारसाहेब, तेव्हा काय झालं होतं?"

हणमंतरावांनी खाली बघितलं. बराच वेळ गेला.

"बॉक्सिंग," ते म्हणाले. "बटालियनची फायनल हुती. खाली पडलो. उठलो. कप आणला."

"आणि डॉक्टरांना दाखवलं नाही."

"सुट्टी मंजूर झालेली, म्याडम. दाखवलं असतं तर सुट्टी गेली असती." ते पुन्हा थांबले. "मुलगी बघाय जायचं हुतं."

शेजारी बसलेल्या सारिकानं मान वर केली. ती मुलगी म्हणजे तीच.

त्या दिवशी तिच्या माहेरी, कोरेगावात, चुलत्यांनी या जवानाला प्रश्नांनी भंडावून सोडलं होतं. पगार किती, पोस्टिंग कुठं, मुलीला नोकरी करू देणार का. हा प्रत्येक प्रश्नाला थांबे, समोर बघे, आणि मग दोन-तीन शब्दांत उत्तर देई. बाकीची स्थळं नुसती बडबडत. एकानं तर तिला पाढे विचारले होते, ती डी.एड. आहे हे सांगूनही. आणि हा माणूस बोलण्याआधी विचार करत होता! त्याच थांबण्यावर सारिकानं जीव लावला. चुलत्यांना तो मुलगा मठ्ठ वाटला. ती म्हणाली, "मला हेच पाहिजे." बावीस वर्षं ती मैत्रिणींना सांगत आली होती की आमचे हे एकेक शब्द तोलून बोलतात. आणि आता कळत होतं की तो माणूस विचार करत नव्हता, तर तीन दिवसांपूर्वी खाल्लेल्या ठोशानं गरगरत होता. तिला हसू आलं, मग रडू आलं, आणि शेवटी नवऱ्याचा भयंकर राग आला.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी तिला एकटीला बोलावलं.

"पुलाआधी डागडुजी करावी लागेल," त्या म्हणाल्या. "जखमेच्या जागी तंतूंवर साल धरणाऱ्या पेशी सोडायच्या. चार-पाच महिन्यांत बंद पडलेले रस्ते पुन्हा वाहते होतात. पण एक अडचण आहे. रस्ता बंद असला की लोक वळणानं जातात, तसा मेंदूही गेल्या बावीस वर्षांत वळणानं जात आलाय. त्या वळणांचाच त्यांचा स्वभाव झालाय. सरळ रस्ता उघडला की वळणं मोडतात. काही वळणं आम्ही राखू शकतो, पण कुठली राखायची ते यंत्राला कळत नाही आणि ज्याचं त्यालाही कळत नाही. घरच्या माणसाला कळतं. म्हणून तुम्ही सांगायचं. काय ठेवू, काय जाऊ दे?"

तिसरीच्या वर्गाला कविता शिकवणाऱ्या सारिकाला असला पेपर कधी आला नव्हता. देवानंही कधी कुणा बाईला हा प्रश्न विचारला नसेल. आणि विचारला असता, तर लग्नानंतर वर्षभरात गावातल्या निम्म्या बायकांनी यादी तयार ठेवली असती.

"ते थांबून बोलतात," ती अखेर म्हणाली. "तेवढं ठेवा."

"आणि काय जाऊ दे?"

"राग." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "स्फोटानंतर आला. आधी नव्हता. एकदम येतो, आणि गेला की त्यांना काही आठवत नाही. त्या पाच मिनिटांची पाटी कोरी."

"सर्वांत वाईट कधी झालं होतं?"

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी जेवताना हणमंतरावांना एक शब्द सापडेना. आठ वर्षांची ऋतुजा, त्यांची एकुलती एक लेक, शब्द सुचवायला लागली. एक, दोन, तीन. त्यांनी समोरचं ताट उचललं आणि फेकलं. स्टीलच्या ताटाची कड पोरीच्या कपाळावर बसली. ती पडली, क्षणभर डोळे पांढरे झाले. दवाखान्यात सारिकानं सांगितलं, न्हाणीघरात घसरली. तिथं चार टाके घातले आणि घरी पाठवलं.

"त्यांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं ना! त्याच संध्याकाळी. लहान मुलासारखे रडले हो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला विचारतात, 'ऋतूच्या कपाळाला काय झालं?' सांगितलेलंही पुसलं गेलं होतं. मी परत सांगितलं असतं तर परत रडले असते, आणि परत विसरले असते. रोज सकाळी त्यांना नव्यानं सुळावर चढवू का मी? म्हटलं, शाळेच्या पायरीवरून पडली."

 डॉक्टरीणबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला.

"सारिकाताई, ते थांबणं आणि हा राग एकाच जागेतून येतात. पहिल्या मारानं तिथं वळण पडलं, स्फोटानं तेच खचलं. मी एक ठेवून दुसरं काढू शकत नाही. दोन्ही राहतील किंवा दोन्ही जातील. राहिले, तर पूलही नाही."

त्या संध्याकाळी केंद्राच्या क्वार्टरसमोर तगरीच्या झाडाखाली दोघं बसली होती. सारिकानं ठरवलं होतं की आपली भीती बोलायची नाही. पायांवर उभं राहायला निघालेल्या माणसाला बायकोनं मागं ओढायचं का? पण बावीस वर्षांच्या संसारात तिला एक गोष्ट कधी जमली नव्हती, ती म्हणजे तोंडावरचं लपवणं.

"काय झालंया?" हणमंतरावांनी विचारलं.

"डागडुजी झाली की तुमचं ते थांबून बोलणं जाणार."

"मग?"

"मग काय? मी त्याच्यावर लग्न केलं तुमच्याशी! उद्या तुम्ही कोणी वेगळेच निघालात तर? ठोसा बसायच्या आधीच्या हणमंत शेडग्यांना मी ओळखत नाही. बघितलंसुद्धा नाही त्यांना."

ते थांबले. नेहमीसारखं समोर बघितलं. सारिकाला वाटलं, हे थांबणं आता मोजकंच उरलं आहे, आणि तिनं ते डोळे भरून बघून घेतलं.

"सारिका," ते म्हणाले, "म्या इचार करत नव्हतो गं. शब्द धुंडत हुतो. घावंल तो बोलायचो." पुन्हा बराच वेळ. "जे घावलं न्हाईत, ते तुला कधी ऐकायलाच मिळालं न्हाईत बघ. लई हुतं ते."

सारिकाला हुंदका आवरेना. त्यांनी खुर्ची तिच्याजवळ सरकवली आणि तिचा हात मांडीवर घेतला. त्या मांडीला तो हात जाणवत नव्हता, तरी घेतला.

"पाय मिळालं तर मिळालं," ते म्हणाले. "पर ऋतू घरी येत न्हाई. आली तर दाराजवळ बसती. कशापायी, ते मला कुणी सांगत न्हाई. माझ्यातच कायतरी हाय. ते काढू दे."

तेव्हा सांगता आलं असतं. पण उद्या सकाळी पुन्हा पाटी कोरी, या धास्तीनं सारिका गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं सहीचा अंगठा यंत्रावर ठेवला तो दोन्ही जाऊ देत म्हणून.

पेशी सोडल्या, महिने गेले, आणि थंडीत, पावट्याच्या दिवसांत हणमंतराव बोलायला लागले. लागले म्हणजे थांबेचनात. पहिल्यांदा वाक्यं लांबली, मग किस्से आले, मग मतं. सारिकाचा प्रश्न संपायच्या आत उत्तर हजर. एके दिवशी ताटाकडे बघून ते म्हणाले, "शेपू मला कधीच आवडली न्हाई. वासच सोसत न्हाई."

"मग बावीस वर्षं खाल्लीत कशी?"

"नको म्हणायला शब्द घावायचा, तवर तू वाढून मोकळी व्हायचीस!"

धुमाळांना हसून हसून ठसका लागला. "वैनी, ह्यापरीस आदलं मॉडेल बरं हुतं," असं ते म्हणत, आणि सारिका हसण्यावारी नेई. पण कधीकधी भाजी निवडताना तिला त्या गप्प माणसाची इतकी आठवण येई की हातातली जुडी तशीच राहून जाई. समोर नवरा बसलेला, हसतोय, बोलतोय, आणि ही मनातल्या मनात त्याच्याच आठवणीनं व्याकूळ. कुणाला सांगणार? सांगितलं तर लोक वेड्यात काढतील.

मग पूल बसला. झटके आले नाहीत. पावसाळा सरता सरता हणमंतराव कठड्याला धरून उभे राहिले, आणि दिवाळीनंतर वॉकरच्या चौकटीच्या आधारानं व्यायामशाळेच्या दारापर्यंत चालत गेले. पाय लाकडासारखे पडत होते, पण पडत होते त्यांच्याच मर्जीनं. केंद्रानं त्याचा छोटासा समारंभ ठरवला. ऋतुजा नाशिकला वसतिगृहात राहून शिकत होती. तिला बोलावणं गेलं. तिनं कळवलं, परीक्षा आहे, शिवाय डोकं दुखतंय. तिचं डोकं वरचेवर दुखे. वाचून दुखतं, असं ती म्हणे.

त्या दुपारी क्वार्टरमध्ये हणमंतराव भडकले. पण हा राग निराळा होता. ताट जागच्या जागी होतं, हात मांडीवर होते आणि राग शब्दांतून येत होता.

"परीक्षा कसली? पोरीला बापाची लाज वाटती! खुर्चीतला बाप नको, आन् उभा राह्यला तरी नको!"

आजवर सारिका त्यांच्या रागासमोर भिंतीला पाठ लावून गप्प उभी राहत आली होती. आजारी माणसाशी भांडायचं कसं? पण आज समोर धडधाकट मेंदूचा एक माणूस बसला होता आणि तो चुकीचं बोलत होता. तिचा तोल सुटला.

"लाज नाही वाटत तिला! भीती वाटते! तुमची भीती वाटते!"

"माझी? म्या काय केलं?"

आणि मग तिनं सांगितलं. तो सापडत नसलेला शब्द, पोरीनं सुचवलेले शब्द, ताट, कपाळ, पांढरे झालेले डोळे. काहीही न गाळता सांगितलं. हणमंतरावांचा चेहरा राखेसारखा झाला, पण त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. तिचं संपल्यावर त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. किती वेळ बेशुद्ध होती? उलटी झाली? दवाखान्यात काय सांगितलंस?

"न्हाणीत घसरली म्हटलं."

"कशापायी?"

"तुमचं नाव यायला नको म्हणून."

"डोक्याचा फोटो काढला?"

"नाही. टाके घातले फक्त."

हणमंतरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "माझं डोकं म्या झाकलं," ते म्हणाले, "आन् पोरीचं तू झाकलंस. माझ्यासाठी." मग ते रडले, बारा वर्षांपूर्वी रडले होते तसेच. सारिका त्यांच्या पायांशी बसून राहिली. तिला तेच रडणं ओळखीचं वाटलं आणि म्हणूनच ती धास्तावली. या रडण्यानंतरची सकाळ तिनं एकदा बघितलेली होती.

सकाळी ती उठली तेव्हा हणमंतराव ओट्याजवळ खुर्ची लावून चहा करत होते. "दूध जरा पातळ दिलंय आज," ते म्हणाले. "आन् नळाला पाणी बारीक हाय, टाकी भरली नसंल." मग धुमाळांच्या घोरण्याबद्दल काहीतरी. सारिका दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. गेलं, तिच्या मनात आलं. पुसलं गेलं. एवढं सगळं करून शेवटी पाटी कोरीच. ती काही न बोलता कपबशा काढायला वळली.

"तो फोन दे इकडं," हणमंतराव म्हणाले. "कवापासून पोरगी उठायची वाट बघतोय. नंबर लाव."

 सारिकानं नंबर लावला, आवाज मोठा केला. पलीकडून झोपाळलेला आवाज आला, "आई?"

"म्या हाय, ऋतू. बाबा."

पलीकडे खाट करकरली; पोरगी उठून बसली असावी.

"तू आठ वर्षांची हुतीस. म्या तुला ताट फेकून मारलं. कपाळ फुटलं तुझं. तू पायरीवरनं पडली नव्हतीस, न्हाणीतबी न्हाई. तुझ्या आईनं काल दुपारी सांगितलं मला." त्यांचा आवाज फाटला, पण शब्द एकही अडला नाही. "तू मदत करत हुतीस बाळा. माझा शब्द धुंडत हुतीस. माफी मागायला बारा वर्षं लागली मला. तू माफ कर, नको करू, तुझी मर्जी. पर तुझं डोकं दुखतंय ते वाचून दुखत नसंल. इथं यंत्र हाय. तू येऊन दाखव. डोक्याचं लपवायचं न्हाई, आपल्या घरात आता कुणीच न्हाई."

 मग ऋतुजानं विचारलं, अगदी बारीक आवाजात, "बाबा, हे तुम्हाला उद्या आठवणार आहे?"

सारिकानं डोळे मिटून घेतले. म्हणजे पोरीला ठाऊक होतं. आठ वर्षांच्या पोरीनं त्या सकाळचा बापाचा 'कपाळाला काय झालं?' हा प्रश्न ऐकला होता, आणि बारा वर्षं तीही आईसारखीच गप्प राहिली होती.

"उद्या ह्याच वेळेला फोन करतो," हणमंतराव म्हणाले. "तू काय सांगू नको. म्याच सांगतो सगळं. तू फकस्त ऐक, बरोबर हाय का बघ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ऋतुजानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरोबर आहे, बाबा," ती म्हणाली. "मी शनिवारी येते."